मागावरचे खांदे आणि फिजिओथेरपीची पदवी

भारतातले फिजिओथेरपीचे शिक्षण मुंबईच्या गिरणगावात जन्मले, पण गिरणीकामगारासाठी नव्हे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५२ साली देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली, ती पोलिओमुळे. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत मुलांमध्ये पोलिओ पसरला होता. लुळ्या पडलेल्या पायांना पुन्हा चालवायला शिकवणारे प्रशिक्षित हात देशात जवळजवळ नव्हतेच. केंद्र सरकार, राज्य सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ही शाळा उभी केली. त्याआधी १९४७ मध्ये फातेमा इस्माईल यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था सुरू केली होती. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झालेला होता. फातेमाबाई या गिरणीमालक उमर सोबानी यांच्या भगिनी. १९२१ ची विदेशी कापडाची होळी ज्यांच्या परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात झाली, ते हे सोबानी. पुढे १९५५ मध्ये हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. रुग्णालय, संस्था आणि त्यामागची माणसे सगळी कापडाच्या शहरातली असूनही बारा-बारा तास मागापुढे उभा राहणारा विणकर या विद्येच्या जन्माचे निमित्त झाला नाही. माझे म्हणणे असे की ही सुरुवातच पदवीच्या प्रवेशदारावर कायमची कोरली गेली, आणि ते दार यंत्रमागांच्या भिवंडीकडे तोंड करून कधी उघडलेच नाही.

दार अरुंद का झाले, याचे एक कारण जुने आणि परदेशी आहे. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकारांची संस्था काढली. मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालत असल्याचा बोभाटा त्या काळी झाला होता, आणि आपण त्यांच्यातल्या नाही हे या बायकांना परीक्षा व प्रमाणपत्र यांनी सिद्ध करायचे होते. या व्यवसायाची प्रवेशपरीक्षा अशी अब्रू राखण्यासाठी जन्मली. आपल्याकडेही तीच धडपड वेगळ्या रूपात चालली. आधी पदविका, मग विद्यापीठाची पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण. १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आले आणि विखुरलेले अभ्यासक्रम एका छत्राखाली आले. २००२ चा राज्याचा कायदा व्यवसायोपचार आणि फिजिओथेरपी परिषदेसाठी झाला, तर २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. प्रत्येक पायरीमागे रास्त गरज होती, कारण डॉक्टरांच्या छायेतून बाहेर पडून स्वतंत्र व्यावसायिक म्हणून उभे राहायचे होते. पण पायरी उंचावली की तिच्यावर चढणाऱ्याकडून अपेक्षाही वाढते. आज बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान लागते, नीट या प्रवेशपरीक्षेचे गुण लागतात. चार वर्षांचा अभ्यास आणि इंटर्नशिप झाली की पदव्युत्तर जागेसाठी पुन्हा राज्याची सीईटी. त्या अर्जात गुण, जात, अधिवास, परिषदेची नोंदणी यांचे कागद असतात. कुठल्या प्रकारच्या श्रमांमुळे थकलेल्या माणसांची सेवा उमेदवाराने केली, हे विचारणारा रकाना मात्र सापडत नाही.

आता भिवंडी. १८५७ नंतर उत्तर भारतातून मोमीन विणकर इथे आले आणि त्यांनी हातमाग रोवला. विसाव्या शतकात यंत्रमाग आले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर कापडाचे काम इथल्या मागांकडे आणखी वळले. तेलंगणातले पद्मशाली, उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर, कोकणी मुसलमान, आगरी अशी गावाची घडण. एकेका कामगाराकडे अनेक माग, सतत उभे राहणे, तुटलेली तार जोडायला वारंवार वाकणे, धोट्यात कांडी बदलणे, खडखडाटात डोळ्यांत तेल घालून कापड पाहणे. बीम उचलणाऱ्यांची पाठ वेगळीच मोडते. या देहांना फिजिओथेरपीची गरज आहे हे सांगायला वैद्यकीय शास्त्र लागत नाही. पण ती पोचायची कशी? कारखाना कायदा १९४८ चा. मूळ तरतुदीत वीज वापरणाऱ्या जागेला दहा कामगारांची अट होती. भिवंडीतले माग छोट्या-छोट्या शेडमध्ये, वेगवेगळ्या नावांनी विभागलेले, त्यामुळे बहुसंख्य कामगार कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. कामगार विम्याचे छत्रही असेच आकड्यांवर उघडते. ज्या व्यवस्थेने गिरणीकामगाराला निदान दवाखाना दिला, तिने मागवाल्याला तेवढेही दिले नाही. मोकळी राहिलेली जागा हाडवैद्य, तालमीतले वस्ताद आणि तेल-मालिश करणाऱ्यांनी भरली.

यावर पहिला आक्षेप येईल तो दर्जाचा: दार रुंद केले तर हाडवैद्यच पदवीधर होतील. आक्षेप खरा आहे, आणि प्रवेशपरीक्षा नकोच असे मी म्हणत नाही. चुकीच्या हातांनी ओढलेला सांधा माणसाला जन्माचा अधू करू शकतो. प्रश्न परीक्षा काय तपासते हा आहे. दुसरा आक्षेप समानतेचा: नीट सर्वांना सारखी, मराठीतून देता येते, २०१८ पासून उर्दूतूनही. पण परीक्षेची भाषा बदलली तरी पदवीचे शिक्षण इंग्रजीतच आहे. क्लासची फी आणि रोजचा प्रवास वेगळाच. भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर आहे, मुंबईच्या मुख्य लोकलवर नव्हे. परळच्या वर्गात वेळेवर पोचायला ठाण्यापर्यंतची वाट आधी रस्त्यानेच काढावी लागते. उर्दू आणि तेलुगू घरांतल्या मुलामुलींना नियम अडवत नसतील, पण खर्च आणि अंतर अडवतात.

तिसरा आक्षेप अधिक चतुर आहे. माग आता बंद पडत आहेत, जुन्या शेडच्या जागी गोदामे आली, मग विणकरासाठी दार कशाला? गोदामात ओझी उचलणारी पाठ विणकराच्या पाठीपेक्षा काही कमी दुखत नाही, एवढे उत्तर पुरे. उलट पोलिओचा शेवटचा रुग्ण भारतात २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या रोगासाठी ही विद्या इथे आली तो संपला, आणि श्रमाने मोडणारा देह मात्र तसाच आहे. तरीही प्रवेशाची रचना अजून रुग्णालयातल्या खाटेकडे पाहूनच ठरते.

आरोग्य विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सामुदायिक फिजिओथेरपी ही शाखा आहे. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशात शासकीय सेवेतल्या डॉक्टरांसाठी जागा राखण्याची पद्धतही महाराष्ट्राला परकी नाही. तेव्हा निदान या एका शाखेच्या अर्जात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या मागांच्या गावांत केलेल्या कामाला गुण मिळावेत, आणि भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयासारख्या ठिकाणी इंटर्नशिपची जागा निघावी. नियम करणाऱ्यांनी पुढच्या प्रवेशफेरीआधी एवढे तरी विचारात घ्यावे.