शिक्षा तिकडची, तुरुंग इकडचा

परदेशात शिक्षा झालेल्या भारतीय कैद्याला उर्वरित शिक्षा मायदेशी भोगता यावी, यासाठी २००३ मध्ये कैदी प्रत्यावर्तन कायदा करण्यात आला. १ जानेवारी २००४ पासून तो अमलात आला. भारतात शिक्षा झालेल्या परदेशी नागरिकांनाही तो लागू आहे. प्रत्यार्पणाशी त्याची नेहमी गल्लत होते. प्रत्यार्पण संबंधित व्यक्तीच्या इच्छेविरुद्धही होऊ शकते. येथे मात्र दोन्ही देशांच्या होकाराबरोबरच कैद्याची संमतीही लागते.

दुसरी अट कराराची. दोन देशांत करार नसेल, तर अर्जाचा उपयोग नाही. ब्रिटन, मॉरिशस, श्रीलंका, संयुक्त अरब अमिराती आदी देशांशी भारताचे द्विपक्षीय करार झाले आहेत. शिवाय युरोपीय परिषदेच्या १९८३ च्या करारात भारत २०१८ मध्ये सहभागी झाला. निकाल अंतिम झालेला असावा, अन्य खटला प्रलंबित नसावा आणि साधारणतः किमान सहा महिन्यांची शिक्षा शिल्लक असावी, असे दंडक आहेत. फाशीच्या कैद्यांना ही सोय नाही. केंद्र सरकार राज्य सरकारशी विचारविनिमय करून तुरुंग ठरवते.

नातेवाइकांची खरी अपेक्षा मात्र वेगळीच असते. भारतात आणले की शिक्षाही भारतीय कायद्याप्रमाणे कमी होईल, असे त्यांना वाटते. मॉरिशसमध्ये हेरॉईन बाळगल्याबद्दल २६ वर्षांची शिक्षा झालेल्या एका भारतीयाला २०१६ मध्ये येथे आणण्यात आले. तेवढ्या हेरॉईनसाठी भारतात कमाल दहा वर्षांची शिक्षा आहे, हा त्याचा युक्तिवाद. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०१९ मध्ये मान्य केला. परंतु जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द ठरविला. परदेशातील शिक्षा भारतीय कायद्याशी विसंगत असेल तरच तिच्यात बदल करता येतो. केवळ ती येथील शिक्षेपेक्षा मोठी आहे, एवढ्याने ती विसंगत ठरत नाही, असा या निकालाचा आशय आहे. सोळा वर्षांचा हा फरक कोणत्याही कुटुंबाला हादरवणाराच. तरीही करारातील शब्द पाहता निकाल अनपेक्षित म्हणता येत नाही. ज्या देशाने शिक्षा दिली, त्याच्या न्यायालयाचा मान राखला नाही, तर तो पुढचा कैदी सोडणार कशाला?

निकालाचा फेरविचार करण्याचा अधिकारही, युरोपीय परिषदेच्या करारानुसार, शिक्षा देणाऱ्या देशाकडेच राहतो. दया किंवा माफी मात्र दोन्ही देश देऊ शकतात. आखाती देशांत ईदच्या निमित्ताने कैद्यांना माफी देण्याची प्रथा आहे. तेथील कैद्याला अर्जावर सही करण्यापूर्वी हा हिशेबही करावा लागतो.