शंभरातून सात वजा

शंभरातून सात वजा करा. उरलेल्यातून परत सात. असं पाच वेळा. करून बघा, दिवसभर कोड पाडणारे आपल्यासारखे लोकही तिसऱ्या-चौथ्या पायरीला अडखळतात.

हा प्रश्न एमएमएसई नावाच्या चाचणीतला. १९७५ मध्ये अमेरिकेत फोलस्टीन दांपत्य आणि पॉल मॅकह्यू यांनी ती प्रसिद्ध केली. ३० मार्कांचा, दहा मिनिटांत उरकणारा पेपर. म्हातारपणीचा साधा विसराळूपणा की डिमेन्शिया, याचा पहिला अंदाज त्यावरून घेतात. साधारण २४ च्या खाली गेलात की संशय, आणि मग न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे रवानगी.

न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणजे मेंदूत काय बिघडलंय ते माणसाला प्रश्न विचारून, कामं करायला लावून शोधणारा. यातलं मोठं नाव ब्रेंडा मिल्नर. १९५३ च्या ऑपरेशननंतर हेन्री मोलायसन या माणसाला नवीन काही लक्षातच राहीना. १९५५ पासून मिल्नरबाईंनी त्याला तपासलं. आरशात बघून चांदणी गिरवायचं काम त्याला दिलं, तर दिवसागणिक हात सुधारत गेला. पण हे आपण आधी केलंय हे त्याला आठवत नसे. थोडक्यात, स्मरणशक्ती ही एकच वस्तू नाही, आणि काय विचारता त्यावर काय दिसणार हे ठरतं.

आता एमएमएसईचे बाकीचे प्रश्न बघा. आज तारीख काय? हा कितवा मजला? कागदावरचं वाचा आणि तसं करा. एक वाक्य लिहा. दोन पंचकोन काढा. मंडळी, ही शाळेची परीक्षा आहे हो! शाळेची पायरीही न चढलेली इंदापूर तालुक्यातली ऐंशीची आजी मेंदू ठणठणीत असूनही इथे गटांगळी खाणार. आमच्या धंद्यात याला हार्डकोडिंग म्हणतात, आणि क्लायंट शिव्या घालतो.

१९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत काम करणाऱ्या भारत-अमेरिका टीमला (मेरी गांगुली, विजय चंद्रा वगैरे) हीच अडचण आली. १९९५ मध्ये त्यांनी हिंदी चाचणी प्रसिद्ध केली, एचएमएसई. नुसतं भाषांतर नाही. शंभरातून सातऐवजी विसातून तीन. वाचण्याऐवजी 'माझ्याकडे बघा, मी करतो तसं करा'. लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगा. मला विचाराल तर खरं लोकलायझेशन हे.

माझं आजोळ बारामती-इंदापूरच्या मधलं. आजीला तारीख कधीच माहीत नसायची. पण तुकोबांची पालखी सणसरला कधी, बेलवाडीचं रिंगण कधी, भवानीनगरचा कारखाना कधी पेटणार, पाण्याची पाळी कधी, सगळं तोंडपाठ. तिचं कॅलेंडर भक्कम होतं, आपल्या भिंतीवरचं नव्हतं इतकंच.

'गाव कुठलं?' हा प्रश्न तर त्याहून अवघड. उजनी धरणात इंदापूरची गावं बुडाली. पळसदेव उठून वर आलं, नाव तेच राहिलं. जुनं देऊळ पाण्यात. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की ते उघडं पडतं. अशा गावचा म्हातारा 'आमचं घर देवळापाशी' म्हणाला, तर ती चूक धरायची की बरोबर? न्यूरोसायकॉलॉजिस्टला उजनीचा इतिहास ठाऊक नसेल तर एक मार्क गेलाच.

बल्लभगढवाल्यांनी घरच्यांना विचारायची वेगळी प्रश्नावलीही केली, रोजची कामं जमतात का वगैरे. पण तिथेही गोची आहे. आजीला सुनांनी कधीच चुलीपासून सोडवलेलं असतं. ती काय विसरली हे दिसणार कसं? 'म्हातारचळ' म्हटलं की विषय संपतो.

१९९८ मध्ये बल्लभगढचा आकडा आला: पासष्टीपुढच्यांत १.३६ टक्के. २०२३ च्या लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पद्धती वेगळ्या, त्यामुळे थेट तुलना नको. पण या दुसऱ्या अभ्यासात प्रमाण बायकांमध्ये आणि खेड्यांत जास्त निघालं, आणि त्यातल्या चाचण्यांमध्ये ती जुनी एचएमएसईही होती. विसातून तीनवाली.