पाण्याचं नातं

इंग्रजी वर्ष सरत आलं की आमच्याकडं येळवस येते. २०२४ साली ती ३० डिसेंबरला, सोमवारी आली. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या पलीकडं जी थोडी रानं अजून राहिलीत, तिथं ज्वारीत कडब्याची कोप करून पांडव पुजले, भज्जी-आंबिल झालं. जेवताना वर्षभरात गेलेल्या माणसांची आठवण निघतेच. मी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव काढलं. ते २५ जुलैला वसईत गेले.

पोरं म्हणाली, तात्या, वसईच्या ख्रिस्ती फादरचं आन् आपलं काय नातं? मी म्हटलं, पाण्याचं.

फादरांचा जन्म १९४२ चा, गाव नंदाखाल. १९७२ साली आमच्याकडं लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते, त्याच साली त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली. १९८३ ते २००७ ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. बायबल सामान्य माणसाला कळावं म्हणून त्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं. पण शेतकऱ्यानं त्यांना ओळखावं ते वेगळ्या कामासाठी.

वसई म्हणजे केळी, भाजीपाला, पानवेली आणि फुलं. मुंबई तिकडं सरकत गेली तशा इमारती उठल्या. इमारतींना पाणी नव्हतं. मग शेतातल्या विहिरींना मोटारी लागल्या, टँकर भरून जाऊ लागले. समुद्राकाठची जमीन ती. गोडं पाणी फार उपसलं की जमिनीखालून खारं पाणी आत सरकतं. एकदा विहीर खारट झाली की बाग गेलीच म्हणायची. फादर पुढं झाले, हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. बिल्डर, टँकरवाले आणि गुंडगिरी यांच्या विरोधात सगळ्या जातिधर्मांची माणसं रस्त्यावर आली. फादरांना चर्चमध्ये बसून प्रवचन करता आलं असतं. त्यांनी विहिरीकाठची बाजू घेतली.

पुढं चर्चच्या कामातून निवृत्त झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. फादर त्याचे अध्यक्ष. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. उद्घाटक ना. धों. महानोर, त्यांनाही जाऊ नका असं सांगण्यात आलं. ते आले. आम्ही दोघं-तिघं सोलापुराहून एसटीनं गेलो होतो. फादर पाठीच्या दुखण्यानं बेजार, व्हीलचेअरवर. शेजारी रानात राबलेला कवी. गोरोबाकाकांच्या मुलखात ही जोडी शोभून दिसली. दुखणं वाढल्यानं फादरांना समारोपाआधीच उपचारासाठी परतावं लागलं.

त्याच दिवसांत इकडं सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेची तयारी चालू होती. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, लाखो माणूस गोळा होतं. पण सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात केलं काय? तळं खोदलं. धर्म सांगणाऱ्या माणसानं आधी लोकांच्या पाण्याची सोय बघितली. हा आपल्या गावचाच धडा आहे. वसईच्या फादरांनी तो वेगळ्या वेशात गिरवला.

हे सगळं येळवशीला सांगायला कारणही होतं. दिवाळीनंतर एक टँकरवाला दोनदा येऊन गेला. “तात्या, बोअरला पाणी हाय, पडून कशाला ठेवताय? खेपेमागं रोख देतो.” रोख कुणाला नको? घरात पोरांचीही चर्चा झाली. ज्वारीला भाव नाही, टँकरला आहे, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. आमच्याकडं समुद्र नाही, पाणी खारट व्हायचं भ्या नाही. पण बोअर आटलं तर शेजारच्या चार विहिरीही बसतात. जमिनीखाली बांध नसतो.

मी टँकरवाल्याला नाही म्हणून सांगितलंय. उन्हाळ्यात तो पुन्हा येईल, दर वाढवून येईल. तेव्हा उत्तर द्यायची पाळी पोरांची असंल. म्हणून फादरांची गोष्ट त्यांच्या कानावर घालून ठेवली.