'लिहिणे' आणि 'लिहिते करणे'

इंग्रजीतील लेखनवाचक क्रियापदाचा मूळ अर्थ 'कोरणे, ओरखडणे' असा. ज्यापासून मराठी 'लिहिणे' सिद्ध झाले त्या संस्कृत 'लिख्' धातूचाही तोच. पुढचा प्रवास मात्र वेगळा. इंग्रजीत हे क्रियापद फार पूर्वीच ग्रंथकर्तृत्वाचे वाचक झाले. मराठीत ते दीर्घकाळ हाताचेच राहिले.

संतकवी आपल्या मुद्रेत 'म्हणे' असे सांगतो, 'लिही' असे नव्हे. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीत 'लेखक' ही संज्ञा येते ती ज्ञानेश्वरांसाठी नव्हे, तर शके 1212 मध्ये ग्रंथ उतरून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांसाठी. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये त्याच ग्रंथाची प्रत शुद्ध केली, तेही या नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढण्यासाठी. दासबोधातील लेखनक्रियेचे निरूपणही अक्षराचे वळण, लेखणी, कागद यांविषयीचे आहे, प्रतिभेविषयीचे नव्हे.

मुद्रणानंतरही प्रतिष्ठा 'ग्रंथकार' या शब्दालाच होती. 1878 मध्ये पुण्यात भरली ती ग्रंथकारांची सभा, आणि 1885 मध्ये जोतीराव फुले यांनी पत्र पाठवून नाकारले ते निमंत्रणही ग्रंथकारसभेचेच. ग्रंथ कोण 'करतो' आणि कोणाला अक्षरही लिहिता येऊ दिले जात नाही, हा प्रश्न त्या नकारामागे होता.

1966 मध्ये बाल्टिमोर येथील परिसंवादात रोलाँ बार्थ यांनी 'लिहिणे' हे अकर्मक क्रियापद आहे काय, असा प्रश्न मांडला. पुढच्याच वर्षी त्यांनी 'लेखकाचा मृत्यू' घोषित केला. आपल्याकडील समीक्षेने तो सिद्धान्त उत्साहाने, काहीसा घाईनेही, उचलला. नेमक्या याच सुमारास औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर), 1950 साली सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयातून शिकलेली पिढी लेखणी हाती घेत होती. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने अनेकांना 'लिहिते केले', असे आजही म्हटले जाते. काय लिहिते केले, हे कोणी सांगत नाही आणि विचारीतही नाही. म्हणजे क्रियापद येथेही अकर्मकच झाले आहे. परंतु हा प्रयोग 'बोलते करणे' या जुन्या प्रयोगाच्या धर्तीवरचा आहे. बोलते करावे लागते ते गप्प असलेल्याला, किंवा गप्प बसविलेल्याला. बार्थ यांच्या अकर्मकात कर्ता भाषेत विरून जातो. आपल्या अकर्मकात तो प्रथमच उभा राहतो. 'अस्मितादर्श'चे मेळावे लेखक-वाचक मेळावे म्हणवले गेले, ग्रंथकारांचे नव्हे, हेही येथे नोंदवायला हवे. नकलाकाराचा शब्द कर्त्याने घेतला होता.