सात घरांचं एक अंगण

१९८०च्या दशकाच्या अखेरीस माझी बदली बेलापूरला झाली. गृहकर्जाच्या कामानिमित्त तिथल्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये बऱ्याच चकरा व्हायच्या. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात उभारलेली ही वसाहत. साधारण ८ मीटर लांब-रुंद अंगण आणि त्याभोवती ७ घरे. असे ३ गट मिळून २१ घरांचे मोठे अंगण, आणि वस्तीच्या मधून ओढा. पण मला खरे कौतुक वाटले ते भिंतींचे. दोन घरांत सामाईक भिंतच नाही! ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे आपले घर वाढवावे, शेजाऱ्याच्या भिंतीला हात लावायचा प्रश्नच नाही. (भांडणे कुठून सुरू होतात, हे आम्हा बँकवाल्यांना बरोबर कळते.) शिवाय प्रत्येकाला स्वतःची थोडी उघडी जागा. म्हणजे अंगणात गप्पा रंगल्या तरी ज्याला एकटे बसायचे त्याने खुशाल बसावे. पुढे कित्येकांनी ती कौलारू घरे पाडून मजले चढवले.

आपल्या दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसले, त्या ठरावावर खजिनदार म्हणून माझी सही आहे. पार्किंगची निकड होती, खोटं कशाला बोलू? पण दोन गुलमोहर गेले आणि संध्याकाळी सावलीत जमणाऱ्या बायका जमेनाशा झाल्या. तेव्हा बेलापूर मला आठवले नाही, याची रुखरुख आहे. आता मागच्या कुंपणालगत उरलेल्या मातीच्या पट्ट्यावरही पार्किंगचा प्रस्ताव आलाय. येत्या सर्वसाधारण सभेत माझे मत विरोधात पडेल.