तारेचा दोर आणि लहान नाव

२१ सप्टेंबर २०१८ रोजीं दक्षिण हिंदी महासागरांतील एका भयंकर वादळांत ‘थुरिया’ नांवाच्या लहान शिडाच्या नावेची डोलकाठी मोडून पडली. नाव गोव्यांत बांधलेली. तिजवर भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी हे एकटेच होते. पाठीला जबर दुखापत झालेल्या या नाविकाला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानें तीन दिवसांनीं वांचविलें. अशा तुफानापुढें मनुष्याच्या तयारीला मर्यादा आहेतच. परंतु डोलकाठी गेली म्हणजे शिडाची नाव किती असहाय होते, हें या प्रसंगावरून कळतें. ही काठी उभी राहते ती तिला चोहोंकडून ताणून धरणाऱ्या दोरांच्या बळावर. म्हणूनच ते दोर कशाचे असावेत, हा प्रश्न घरच्या घरीं होडी बांधणाऱ्या हौशी माणसानेंही क्षुल्लक मानूं नये.

शतकानुशतकें युरोपांतील गलबतांवर हे दोर डांबर लावलेल्या वाखाचे असत. पावसांत ते आखडत, उन्हांत सैल पडत, आणि आंतून कुजत.

तारेचा दोर जन्मास आला तो समुद्रावर नव्हे, तर खाणींत. जर्मनींतील हार्ट्स पर्वतांत क्लाउस्थाल येथें विल्हेल्म आल्बर्ट या खाण-अधिकाऱ्यानें १८३४ सालीं लोखंडी तारा वळून दोर तयार केला. चार तारांचा एक पेड व असे तीन पेड, अशी त्याची रचना होती. तेथें पूर्वीं सांखळ्या वापरीत. सांखळीची एक कडी तुटली कीं सारा भार खालीं कोसळे. दोरांतील एक तार तुटली तरी बाकीच्या भार सांभाळीत, आणि तुटलेली तार डोळ्यांस दिसे. पुढें इंग्लंडांत अँड्र्यू स्मिथ यानें हा दोर जहाजांकरितां पुढें आणला. १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यानें लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचें पेटंट घेतलें. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें न गंजणारें पोलाद सिद्ध केलें.

तारेच्या दोरांत आज निवड करावयाची ती मुख्यतः याच दोहोंतून. डोलकाठी धरण्यास एकाच पेडाचा एकोणीस तारांचा दोर उत्तम, कारण तो सर्वांत कमी ताणला जातो. सात-सात तारांचे सात पेड असलेला दोर अधिक लवचिक असतो. एकोणीस तारांचे सात पेड असलेला त्याहून मऊ. कप्पीवरून शीड चढविण्यास तोच योग्य. जस्ताचा दोर स्वस्त. तो गंजूं लागला कीं तांबूस डाग दिसतात. न गंजणारें पोलाद वर्षानुवर्षें चकाकतें. परंतु टोंकाच्या पकडींत खारें पाणी सांचून राहिलें, तर तेथें त्यालाही आंतल्या आंत कीड लागते, आणि बाहेरून तिचा पत्ता लागत नाहीं.

सांखळीचा जुना दोष तो हाच. तेव्हां दोर कोणताही घ्यावा, पण त्याचीं टोंकें वेळोवेळीं तपासावींत, आणि संशय येतांच तो बदलावा. त्या खर्चाची काटकसर करणारा आपल्या प्राणाचीच काटकसर करीत असतो.