सासवड : सोपानकाकांचे गाव



आमचं शिक्षण चौथी. पण सासवडची वाट आम्हाला पायांनी पाठ आहे, म्हणून मंडळींच्या आज्ञेने चार ओळी लिहितो.

पुणं सुटलं की हडपसर, मग वडकी, मग दिवे घाट. घाट चढून माथ्यावर आलो की पुढे सासवड. पुण्यापासून अंतर 30 किलोमीटरच्या आसपास. मुलूख पावसाला लांबचा. इथे कऱ्हामाई आहे, तिला चांबळी मिळते, त्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ. कऱ्हा पुढे जेजुरी, मोरगाव, बारामती करत नीरेला मिळते. ह्या पाण्यावर गाव वसलं.

शके 1218, म्हंजे इसवी 1296 साली, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सोपानकाकांनी इथे समाधी घेतली. आळंदीला माउली, सासवडला धाकटे बंधू. म्हणूनच आषाढी वारीत माउलींची पालखी इथे दोन रात्री राहते. थोरला भाऊ धाकट्याच्या घरी आला, घाईने कसा उठेल? त्याच मुक्कामात सोपानकाकांची पालखीही सासवडहून प्रस्थान ठेवते आणि बारामतीच्या वाटेने पंढरीला जाते.

गावाने राज्यकारभारही पाहिला. जवळच्याच पुरंदर किल्ल्यावर मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले. मग 1665 साली शिवाजी महाराजांनी मिर्झाराजांशी तह केला, 23 किल्ले द्यावे लागले. पुढे पुरंदऱ्यांचा वाडा उभा राहिला. पेशवे बाळाजी विश्वनाथ 1720 साली सासवडलाच वारले. आचार्य अत्र्यांचा जन्म 1898 चा, शेजारच्या कोडीतचा. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं खानवडी गावही ह्याच तालुक्यात.

किल्ले गेले, पेशवाई गेली, पण रान राहिलं. पुरंदरचं अंजीर, सीताफळ आणि वाटाणा पुण्या-मुंबईच्या बाजारात नाव राखून आहे. पाण्याची ओढ मात्र जुनीच. पुण्याने वापरून सोडलेलं मुळा-मुठेचं पाणी उपसून पुरंदरच्या शेताला देण्याची योजना झाली. म्हंजे शहराचं सांडलेलं आमच्या पिकाच्या मुळाला.

आता शहर स्वतःच घाट चढून आलंय. जिथे सीताफळाची बाग होती तिथे प्लॉटचे दगड रोवलेत. 2016 साली तालुक्यात विमानतळ जाहीर झाला, पारगाव-खानवडीकडच्या शेतकऱ्याच्या जिवाला तेव्हापासून घोर. गाव वाढू नये असं आम्ही म्हणत नाही. पोरांना नोकरी पाहिजे, म्हाताऱ्यांना दवाखाना पाहिजे. पण जमीन एकदा गेली की पैसा संपतो आणि मग बापाच्या रानात पोरगा राखणदार होतो. हे कीर्तनात आम्ही सांगतो, इथेही लिहून ठेवतो.

दुसरी गोष्ट दिंडीची. तंबू मारायला मोकळं रान, आंघोळीला विहीर आणि सावलीला झाड एवढंच वारकऱ्याला लागतं. पूर्वी कुणाच्याही रानात उतरायचो, घरधनीण पिठलं-भाकरी घेऊन यायची. आजही ती माया आहे, जागा मात्र दरसाल आखडते. म्हणून सासवडकरांना हात जोडून मागणं आहे : घरं बांधा, दुकानं थाटा, पण कऱ्हेत घाण सोडू नका आणि पालखीतळाच्या भोवतीचं रान मोकळं ठेवा.

वर्षानुवर्षं थोरला भाऊ धाकट्याकडे मुक्कामाला येतोय. त्याच्यामागे चालणाऱ्या लेकरांनाही पाठ टेकायला जागा राहू द्या.

रामकृष्ण हरी.